तीन खरेद्या आणि एक विक्री: तिकीट-पुनर्विक्री सेवेचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षभरात मी तिकिटांची पुनर्विक्री करणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावरून तीन वेळा तिकिटे घेतली आणि एकदा माझे स्वतःचे तिकीट तेथे विकले. संकेतस्थळाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या व्यवसायातील अनेक मोठ्या सेवा थोड्याफार फरकाने याच पद्धतीने चालतात आणि माझा आक्षेप त्या पद्धतीवर आहे. तिकीट काढून ठेवलेल्या माणसाला ऐनवेळी जाता आले नाही तर ते दुसऱ्या कोणाला तरी देता यावे, ही सोय हवीच. आजारपण, कामातली अडचण, घरातले कार्य ही कारणे कोणाला चुकलेली नाहीत. प्रश्न एवढाच आहे की या सोयीसाठी छापील किमतीच्या वर जे पैसे घेतले जातात, त्यांच्या बदल्यात घेणाऱ्याला नेमके काय मिळते.

पहिली खरेदी बाबांसाठी होती. ज्या गायकाला ते माझ्या लहानपणापासून ऐकत आले आहेत, त्याचा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा अधिकृत विक्री सुरू होण्याच्या अर्धा तास आधीपासून मी लॅपटॉप आणि फोन दोन्ही उघडून बसले होते. ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे अकरा हजारांहून अधिक माणसे असल्याचा आकडा दिसत होता. तो हळूहळू उतरत गेला आणि पन्नास मिनिटांनी माझी पाळी आली तेव्हा नकाशावरील सगळे विभाग करड्या रंगाचे झालेले होते. लगेच पुनर्विक्रीचे संकेतस्थळ उघडले, तर तेथे त्याच कार्यक्रमाची शेकडो तिकिटे विक्रीला होती आणि आम्हाला हव्या असलेल्या विभागातले तिकीट छापील किमतीच्या अडीचपट दराने मिळत होते. तासाभरापूर्वी तिकीट काढलेल्या शेकडो माणसांना तासाभरातच अडचण आली, हे संभवत नाही. यातली बरीच तिकिटे विकण्यासाठीच घेतलेली होती आणि काही तर, पुढे कळले त्याप्रमाणे, अद्याप कोणाच्या हातात आलेलीही नसावीत.

खरेदीचे पान ज्या रीतीने रचलेले आहे, त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. तिकीट निवडताच वरच्या कोपऱ्यात दहा मिनिटांचे घड्याळ उलटे धावू लागते. त्याखाली याच विभागाची आता दोनच तिकिटे शिल्लक असल्याची आणि एकोणीस जण ती पाहत असल्याची सूचना येते. आसनाचा क्रमांक दिसत नाही, फक्त विभाग आणि कधीकधी रांगेचे अक्षर दिसते. छापील किंमत किती होती, हे तर कोठेच दिसत नाही. नाव, पत्ता, कार्डाचा तपशील भरून झाल्यावर अगदी शेवटच्या पानावर सेवाशुल्क आणि तिकीट पोहोचवण्याचे शुल्क मिळवले जाते. माझ्या पहिल्या खरेदीत त्यामुळे रक्कम पाव पटीहून अधिक वाढली, आणि तेव्हा घड्याळात दोन मिनिटे उरलेली होती. शुल्कासह किंमत आधीच दाखवण्याची एक खूण सेटिंगमध्ये आहे, ती मला दुसऱ्या खरेदीच्या वेळी सापडली. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या शुल्कांसह पूर्ण किंमत पहिल्यापासून दाखवावी लागते. म्हणजे हे करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. जेथे सक्ती आहे तेथे ते होते आणि जेथे नाही तेथे ती खूण ग्राहकाने शोधून काढायची असते.

पैसे भरल्यानंतर तिकीट तीन आठवडे आले नाही. खात्यात फक्त तिकीट कार्यक्रमापूर्वी मिळेल एवढेच वाक्य होते. या धंद्यात एक प्रथा आहे की विक्रेता स्वतःजवळ तिकीट नसतानाच ते विकायला ठेवतो, ग्राहकाशी किंमत ठरवून घेतो आणि भाव उतरल्यावर दुसरीकडून स्वस्तात घेऊन पुढे देतो. भाव उतरला नाही तर तो व्यवहार रद्द करतो. माझ्या विक्रेत्याने असे केले की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही, परंतु तिकीट आले ते कार्यक्रमाच्या आदल्या रात्री अकरा वाजून गेल्यावर. त्यावर एका अनोळखी माणसाचे नाव होते आणि क्यूआर कोडच्या खाली, बारीक अक्षरांत, छापील किंमत होती. बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि मला एकच विचारले, ‘वरचे पैसे गाणाऱ्याला मिळाले का गं?’

नाही मिळाले. गायकाला, वादकांना, ध्वनियोजना सांभाळणाऱ्यांना, सभागृहाला, कोणालाही त्यातले काही मिळाले नाही. ते पैसे विक्रेता आणि पुनर्विक्रीची सेवा यांच्यात वाटले गेले, आणि ही वाटणी समजून घेतल्याशिवाय बाकीचे काही समजत नाही. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने जी अधिकृत पुनर्विक्री सुरू केली, तिच्यात घेणाऱ्यासाठी १५ टक्के आणि विकणाऱ्यासाठी १५ टक्के शुल्क ठेवले. याच दराने हिशेब करून पाहावा. छापील किंमत १०० असलेले तिकीट २५० ला विकले गेले तर घेणारा २८७.५० देतो, विकणाऱ्याच्या हातात २१२.५० पडतात आणि मधल्या सेवेकडे ७५ राहतात. तेच तिकीट छापील किमतीला विकले असते तर सेवेला ३० मिळाले असते. काम दोन्ही वेळा तेवढेच आहे, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात एक कोड पाठवण्याचे, पण कमाई अडीचपट होते. जिची मिळकत भाव चढण्यावर अवलंबून आहे, ती सेवा भाव चढवणाऱ्यांना आवर घालील, अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करायची? याच स्पर्धेत मेक्सिकोतील रहिवाशांसाठी मात्र छापील किमतीलाच तिकीट दुसऱ्याला देण्याची व्यवस्था ठेवली, यावरून दोन्ही प्रकारची यंत्रणा एकच संस्था एकाच वेळी चालवू शकते हे दिसून येते.

याउलट जो युक्तिवाद केला जातो तो मला फेटाळून लावायचा नाही, कारण त्यात तथ्य आहे. अर्थशास्त्राच्या बाजूने पाहिले तर जेथे दहा हजार आसनांसाठी लाखभर माणसे उत्सुक असतात, तेथे छापील किंमत ही खऱ्या मागणीपेक्षा कमी असते, आणि मधला फरक कोणीतरी घेणारच. मग तो कलाकाराने आणि निर्मात्याने का घेऊ नये, असा विचार काहींनी केला. न्यूयॉर्कमधील ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाच्या निर्मात्यांनी २०१६ मध्ये सर्वांत महाग आसनांची किंमत ८४९ डॉलर केली, आणि त्याच वेळी प्रत्येक खेळाला ४६ आसने सोडतीने १० डॉलरला देण्याची व्यवस्था केली. मला ही रचना प्रामाणिक वाटते. महाग आहे, परंतु किती महाग आहे हे आधी माहीत असते, पैसा नाटक करणाऱ्यांकडे जातो आणि कमी पैसेवाल्यालाही एक दार उघडे राहते.

मात्र मागणीनुसार किंमत वाढवण्याचा मार्ग प्रत्येक वेळी इतका स्वच्छ राहत नाही. २०२२ मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या दौऱ्यातील काही तिकिटे अधिकृत विक्रीतच ५,००० डॉलरच्या आसपास गेली आणि त्यांच्या जुन्या चाहत्यांना त्याचा मोठा धक्का बसला. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी ओअॅसिस या ब्रिटिश बँडच्या पुनर्मिलनाच्या कार्यक्रमांची विक्री झाली तेव्हा उभे राहून पाहण्याची जी तिकिटे सुमारे १५० पौंडांना होती, तीच तासन्‌तास रांगेत थांबलेल्यांना ३५० पौंडांहून अधिक किमतीला दिसू लागली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने नंतर तपास केला तेव्हा किंमत संगणक क्षणोक्षणी ठरवत होता याचा पुरावा मिळाला नाही. स्वस्त तिकिटांचा एक साठा आधी विकून, तो संपल्यावर बाकीची तिकिटे चढ्या किमतीला काढली गेली होती आणि रांगेतल्या माणसांना याची कल्पना दिलेली नव्हती. माझा राग जास्त किमतीपेक्षा या न सांगण्यावर आहे. चार तास थांबल्यानंतर माणूस थंड डोक्याने निर्णय घेऊ शकत नाही. त्याने आपला दिवस त्या तिकिटात आधीच घातलेला असतो.

आणि ज्या कलाकारांना किंमत कमीच ठेवायची आहे त्यांचे काय? इंग्लंडच्या द क्युअर या बँडने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात काही तिकिटे २० डॉलरपर्यंत खाली ठेवली आणि शक्य तेथे ती दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत अशी अट घातली. तेव्हा चाहत्यांनी दाखवून दिले की स्वस्त तिकिटांवरील एकूण शुल्क तिकिटाच्या किमतीहूनही जास्त होत होते. गायक रॉबर्ट स्मिथ यांनी हा प्रश्न उघडपणे लावून धरला आणि तिकीट कंपनीने सर्वांत स्वस्त तिकिटांवर प्रत्येकी १० डॉलर, तर बाकीच्यांवर ५ डॉलर परत केले. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडो या राज्यांत मात्र तिकीट हस्तांतरित करण्यावर बंदी घालता येत नाही, असा तेथील कायदा असल्याने बँडची ती अट तेथे लागू झाली नाही. ज्या माणसाने आपल्या श्रोत्यांसाठी स्वतःचा नफा सोडला, तो नफा तिसऱ्याच कोणी उचलावा याला बाजाराची कार्यक्षमता म्हणणे मला पटत नाही. कलाकाराने स्वस्त ठेवलेली किंमत ही त्याने श्रोत्याला दिलेली भेट असते आणि ती वाटेत काढून घेतली जाते.

तिकिटे दलालांच्या हाती इतक्या लवकर कशी जातात, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाने जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सापडते. लोकप्रिय कार्यक्रमांची सरासरी ५४ टक्के तिकिटे सर्वसामान्य विक्रीला येतच नव्हती. १६ टक्के आतल्या मंडळींसाठी राखलेली असत आणि ३८ टक्के आगाऊ विक्रीत, म्हणजे ठरावीक क्रेडिट कार्ड असणाऱ्यांना किंवा चाहता-मंडळाच्या सभासदांना दिली जात. एका दलालाच्या बॉटने, म्हणजे माणसाऐवजी आपोआप तिकिटे घेणाऱ्या संगणक प्रोग्रामने, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहातील यू२ या आयरिश बँडच्या एका कार्यक्रमाची १,०१२ तिकिटे एका मिनिटात घेतली होती. विक्रेत्याने माणशी चारचीच मर्यादा ठेवलेली होती. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेने बॉटविरोधी कायदा केला, पण त्याखालची पहिली कारवाई व्हायला जानेवारी २०२१ उजाडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची आगाऊ विक्री कोलमडली आणि सर्वसाधारण विक्री रद्दच करावी लागली. माझ्यापुढे अकरा हजार माणसे होती असे मी वर लिहिले, त्यातली माणसे किती होती हे आता मला सांगता येत नाही.

दुसऱ्या खरेदीबद्दल फारशी तक्रार नाही. एका नाटकाचे तिकीट मी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी घेतले, तेव्हा न विकलेल्या तिकिटांचा भाव उतरून छापील किमतीच्या जवळ आलेला होता आणि कोड पंधरा मिनिटांत मिळाला. ज्याला एकट्याने जायचे आहे, जवळच राहतो आणि तिकीट मिळाले नाही तरी चालेल, त्याला ही युक्ती उपयोगी पडेल.

तिसऱ्या वेळी मी प्रवेशद्वारावर अडले. विक्रेत्याने अॅपमधून तिकीट हस्तांतरित करण्याऐवजी क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट पाठवला होता. दारावरच्या मुलीने तो यंत्रासमोर धरला, तांबडा दिवा लागला, तिने फोनची चमक वाढवून पुन्हा धरला आणि पुन्हा तांबडाच दिवा लागला. तिच्या पडद्यावर हे तिकीट चाळीस मिनिटांपूर्वीच आत गेल्याची नोंद होती. ती शांतपणे म्हणाली की आज संध्याकाळचे हे सहावे आहे. आतून पहिल्या गाण्याची सुरावट ऐकू येत होती आणि मी बाहेर उभी राहून सेवेच्या मदत-कक्षाला फोन लावत होते. त्यांच्या जाहिरातीत शंभर टक्के हमी असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ती हमी पैशांची आहे, आसनाची नाही. दुसरे तिकीट उपलब्ध असल्यास देऊ, एवढेच अटींमध्ये म्हटले आहे आणि त्या रात्री ते उपलब्ध नव्हते. परताव्यासाठी प्रवेश नाकारल्याचे लेखी पत्र मागण्यात आले. ते मी त्याच रात्री व्यवस्थापकांकडून सही करून घेतले म्हणून बरे झाले, कारण दुसऱ्या दिवशी ते मिळणे कठीण होते. तेविसाव्या दिवशी तिकिटाचे आणि शुल्काचे पैसे परत आले. जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च अर्थातच माझाच. ज्यांना या सेवेतून तिकीट घ्यायचेच आहे त्यांनी स्क्रीनशॉट स्वीकारू नये, अधिकृत अॅपमधूनच हस्तांतरण मागावे आणि दारावर अडवले गेल्यास तेथून हलण्यापूर्वी लेखी नोंद घ्यावी.

विकणारी म्हणून आलेला अनुभव मला अधिक बोलका वाटतो. एका कार्यक्रमाला जाणे जमणार नव्हते म्हणून मी माझे तिकीट छापील किमतीला ठेवायचे ठरवले. विभाग आणि रांग भरताच संकेतस्थळाने स्वतःहून छापील किमतीच्या पावणेदोनपट आकडा सुचवला. मी तो पुसून छापील किंमत लिहिली, तर तुमची किंमत बाजारभावापेक्षा फार कमी आहे, पुन्हा विचार करा अशी पिवळी पट्टी आली. मी तशीच पुढे गेले आणि चार मिनिटांत तिकीट विकले गेले. एखाद्या चाहत्याला ते मिळाले असेल, या समाधानात मी दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी सहज पाहिले, तर त्याच विभागातील त्याच रांगेचे एक सुटे तिकीट छापील किमतीच्या दुप्पट दराने विक्रीला होते. आसन क्रमांक लपवलेला असल्याने ते माझेच होते असे शपथेवर सांगता येणार नाही. पण मर्यादा नसलेल्या बाजारात एकट्या विक्रेत्याच्या सद्भावनेने काही साधत नाही, हे तेव्हा मला उमगले. मी सोडलेला फरक पुढच्या माणसाने घेतला असणार.

म्हणूनच मर्यादा सर्वांना सारखी हवी, आणि ती आजवर कोणी घातलीच नाही असे नाही. आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने मोठ्या, अधिसूचित ठिकाणांवरील कार्यक्रमांची तिकिटे छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यास मनाई केली. जपानमध्ये जून २०१९ पासून धंदा म्हणून चढ्या दराने तिकिटे विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये मूळ किमतीच्या वर जास्तीत जास्त १० टक्के घेण्याचीच मुभा आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची अनधिकृत पुनर्विक्री १९९४ पासूनच गुन्हा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने संगीत, नाटक व खेळ यांच्या तिकिटांची छापील किमतीच्या वर पुनर्विक्री बंद करण्याचा आणि पुनर्विक्रीच्या सेवाशुल्कावरही मर्यादा घालण्याचा निर्णय जाहीर केला. अशा मर्यादेने व्यवहार चोरट्या मार्गाला लागतील, समाजमाध्यमांवर ब्लॅकने तिकिटे विकली जातील आणि तेथे परताव्याचीही सोय नसेल, हा विरोधकांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. माझे तेवीस दिवसांनी का होईना पैसे परत आले, ते रस्त्यावरच्या दलालाकडून आले नसते. त्यामुळे नुसती बंदी पुरेशी होणार नाही. जाऊ न शकणाऱ्याला तिकीट परत करण्याचा सोपा, अधिकृत मार्ग त्याच वेळी उघडा असला पाहिजे. इंग्लंडमधील ग्लास्टनबरी या संगीत महोत्सवात तिकिटासाठी छायाचित्रासह नोंदणी करावी लागते, तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि परत आलेली तिकिटे महोत्सव स्वतःच पुन्हा विकतो. तेथे दलालाला जागाच उरत नाही.

या वर्षात मी छापील किमतीलाच देवघेव करणारी एक लहान सेवाही वापरून पाहिली. तिच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. तेथे तिकिटांची संख्या कमी असते, प्रतीक्षायादीत नाव घालून थांबावे लागते आणि चारपैकी दोन वेळा मला काहीच मिळाले नाही. बाबांच्या कार्यक्रमाच्या वेळी मी तिच्यावर अवलंबून राहिले असते तर कदाचित आम्ही घरीच बसलो असतो. परंतु तेथे छापील किंमत पहिल्याच ओळीत दिसते, शुल्क ठरावीक आहे आणि तिकीट हस्तांतरित होताना जुना कोड रद्द होऊन घेणाऱ्याच्या नावाने नवा तयार होतो, त्यामुळे तांबड्या दिव्याचा प्रसंग येत नाही. गेल्या महिन्यात मला आणखी एका कार्यक्रमाला जाता येणार नव्हते, तेव्हा मी तिकीट तेथे ठेवले. किंमत भरायची जागाच नव्हती, ती तिकिटावरून आपोआप आली होती. रात्री साडेनऊला ते प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाकडे गेल्याचा संदेश आला आणि कार्यक्रमानंतर चार दिवसांनी मी मुळात दिले होते तेवढे पैसे खात्यात जमा झाले.